पोटात तळे घेणारी होडी

माणूस जन्मभर ओझे कमी करण्याच्या खटपटीत असतो. विमानाने जायचे तर बॅगेचे वजन तेवीस किलोंच्या वर गेले की चिवड्याचा डबा काउंटरवरून परत फिरतो. डॉक्टर आपले वजन कमी करायला सांगतात, आणि साधुसंत मनावरचे ओझे उतरवायला सांगतात. अशा या जगात हौसेने, वर पैसे मोजून, दीड-दोन टन निरुपयोगी ओझे पोटात भरून घेणारी एक वस्तू मी पाहिली आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवेना. ती वस्तू म्हणजे एक होडी. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, माझे पोहणे विहिरीपुरते आणि माझे नौकानयन रंकाळ्यापुरते. तेव्हा हा काही तज्ज्ञाचा लेख नाही. मराठीच्या मास्तराने पाहिलेली ती एक मौज आहे. मात्र त्या मौजेच्या तळाशी एक गंभीर गोष्ट होती, आणि तीच मुख्यतः सांगावयाची आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणतो; तो मला ‘मास्तर’ म्हणतो. पेशाने एंजिनियर. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत मी त्याच्याकडे पाच आठवडे होतो. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात. एखाद्या जाहिरातीत शोभावी अशी ही अतिशयोक्ती असेल असे मला वाटले होते. पण दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ मोजलेली आहेत, म्हणजे नावात उलट संकोचच केला आहे. मिनियापोलिसच्या पश्चिमेला अशाच एका तळ्याच्या काठी दादाचे घर आहे. आपल्या दारापुढे जशी मोटार उभी असते तशी त्याच्या दारापुढे, लाकडी धक्क्यापाशी, ती होडी उभी होती.

होडीला दोरी बांधून तिच्यामागे पाण्यावर घसरत जाण्याचा खेळ याच राज्यात जन्मला, हे मला दादाच्या मुलाने सांगितले. राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने १९२२ साली, मिसिसिपी नदीच्या पात्रात पसरलेल्या पेपिन नावाच्या सरोवरावर, लाकडी फळ्यांची टोके वाकवून त्या पायाला बांधल्या आणि भावाच्या होडीमागे तो पाण्यावर उभा राहिला. आधी पिंपाच्या फळ्या लावून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की लावून पाहिल्या, आणि पुष्कळदा पाण्यात पडला, तेव्हा कुठे जमले. शंभर वर्षांत त्या खेळाला पोरेबाळे झाली. त्यातले हल्लीचे लाडके अपत्य म्हणजे वेकसर्फिंग.

समुद्रावर सर्फिंग करणारा मनुष्य फळीवर उभा राहून लाटेवर स्वार होतो. मिनेसोटापासून समुद्र दीड-दोन हजार किलोमीटर दूर. तेव्हा या लोकांनी युक्ती काढली की, समुद्राकडे जायला नको. लाट आपणच तयार करू. होडी पुढे गेली की तिच्यामागे लाट उठते. ती पुरेशी उंच केली की माणूस होडीच्या मागे तीन-चार मीटरांवर फळी घेऊन त्या लाटेवर उभा राहू शकतो. सुरुवातीला त्याच्या हातात आखूड दोरी असते. ती त्याला पाण्यातून उभे करते, एवढेच तिचे काम. लाटेत पाय स्थिर झाले की तो दोरी होडीत फेकून देतो. मग त्याला ओढणारे कोणी नाही. लाटेच्या उतारावरून तो सारखा घसरत असतो, आणि उतार त्याच्याबरोबर पुढे सरकत असतो. समुद्राची लाट किनाऱ्याला फुटते आणि खेळ संपतो. ही लाट पेट्रोल असेपर्यंत फुटत नाही. दादाची बारा वर्षांची मुलगी दोरी टाकून, दोन्ही हात मोकळे करून, मला टाटा करीत चाललेली मी पाहिली, तेव्हा माझ्या तोंडून नुसते ‘अरे वा’ निघाले. मराठीच्या मास्तराला याहून बरे शब्द सुचायला हवे होते, पण ते सुचले नाहीत.

आता त्या ओझ्याविषयी. पाण्यात तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेत शिकलो. वेगाने जाणारी होडी पाण्यावर उचलली जाते आणि मागे फारशी लाट उठत नाही. वेकसर्फिंगला म्हणून वेग कमी ठेवतात, ताशी सोळा ते अठरा किलोमीटर. त्या वेगाला होडी उचलली जात नाही. तिची शेपटी पाण्यात बसते, नाक वर होते, आणि ती पाण्यात जणू खड्डा खणत जाते. मागून तो खड्डा भरायला पाणी धावते आणि एकमेकांवर आदळून उसळते. ती लाट. म्हणजे होडी जितकी जड, तितका खड्डा मोठा आणि तितकी लाट उंच. होडी जड करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय कोणता? सभोवार पसरलेले तळे! दादाच्या होडीत फरशीखाली आणि मागच्या बाकांखाली टाक्या आहेत. एक बटण दाबले की पंप सुरू होतात आणि पाचसात मिनिटांत सुमारे सोळाशे लिटर, म्हणजे सोळाशे किलो पाणी आत येते. होडी आपल्या डोळ्यांदेखत खाली बसते. पंचपक्वान्नांच्या जेवणानंतर पाटावर बसलेल्या यजमानासारखी दिसते.

या ओझ्याला इंग्रजांकडून आलेला शब्द आहे ‘बॅलास्ट’. पण आपल्या खलाशांचाही शब्द आहे, ‘नीरम’. गलबतात माल नसला की ते वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाशी दगड नाहीतर वाळू भरीत, ते नीरम. दादाला हा शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितल्यावर तो इतका खूष झाला की, त्याने टाक्यांच्या बटणांखाली चिकटपट्टीवर मराठीत ‘नीरम डावे’, ‘नीरम उजवे’, ‘नीरम मधले’ असे लिहून टाकले. परदेशात मी केलेली मराठीची सेवा म्हणावी तर एवढीच!

पूर्वी म्हणे सगळे पाणी एकाच बाजूला भरून होडी कलती करीत, म्हणजे त्या बाजूची लाट स्वच्छ निघे. आता होडीच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात. एका बाजूची पट्टी बाहेर आली की त्या बाजूचे पाणी थोडे उशिरा भेटायला येते आणि लाट पाहिजे तशी गुळगुळीत होते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी डावीकडची लाट, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी उजवीकडची. दादाच्या घरात दोन्ही पक्ष आहेत. घरच्या राजकारणाइतकीच ही वाटणीही कटकटीची असते.

आता मालकीची गोष्ट. मराठीत बोट दिले की मनगट धरणारे लोक असतात. दादाने बोट घेतली आणि तिने त्याचे मनगट धरले. तेवीस फुटांची ही होडी सेकंडहँड घेतली, तरी तिच्या किमतीत कोल्हापुरात चांगला फ्लॅट आला असता. शिवाय विमा, पेट्रोल, धक्क्यापाशी तिला पाण्याबाहेर उचलून ठेवणारा पाळणा, आणि हिवाळ्याची तजवीज. तिथे हिवाळ्यात तळी अशी गोठतात की लोक बर्फावर मोटारी नेतात. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते. होडीच्या एंजिनात, पंपात, नळीच्या वळणात पेलाभर पाणी राहिले तरी ते गोठून लोखंड फोडते. म्हणून शरदात होडी पाण्याबाहेर काढून, प्रत्येक नळीतले पाणी काढून, त्या जागी न गोठणारे द्रव्य भरून, तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे लागते. वर्षातले पाचच महिने ती पाण्यात. उरलेले सात महिने तिची नुसती बडदास्त. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आमच्याकडे दोन मुले आणि एक जावई आहे. जावई अंगणात असतो.”

होडी घराशी असली तरी दुरुस्तीला, हिवाळ्याच्या ठेवणीला किंवा दुसऱ्या तळ्यावर न्यायची तर ती ट्रेलरवर चढवून मोटारीमागे ओढत न्यावी लागते, आणि ही स्वतंत्र विद्या आहे. हिशेब दादाने मला कागदावर करून दाखविला. होडी सव्वीसशे किलो, ट्रेलर सातशे, टाकीतले पेट्रोल आणि सामान मिळून तीनशे, झाले छत्तीसशे. त्याची दांडगी मोटार अडतीसशे किलोंपर्यंत ओढू शकते. म्हणजे फरक जेमतेम दोनशे किलोंचा. “आता टाक्या भरलेल्या ठेवून कोणी रस्त्यावर आला तर?” त्याने विचारले. मी बेरीज केली: बावन्नशे. “उतारावर ब्रेक लावला की मागचे ओझे पुढच्या मोटारीला चालवते,” तो म्हणाला. “पाण्यावर जे बळ, ते रस्त्यावर मरण.”

दुसरी गोष्ट मला मात्र लगेच समजली, कारण ती बैलगाडीची आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या दांड्यावर, मोटारीच्या मागच्या गोळ्यावर पडायला हवा. भार मागे सरकला तर ट्रेलर भरधाव वेगात डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो आणि मोटारीलाही फिरवतो. आपल्याकडे गाडीत पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते; पुढे जास्त झाली की धुरेला जड होऊन बैल बसतात. आमच्या आजोळचा गडी पोती रचताना मधूनमधून धुरेला हात लावून अंदाज घेत असे. मी हे सांगितले तेव्हा दादा म्हणाला, “इथे त्याच कामाला वजनकाटा विकत मिळतो.” याशिवाय दांड्याखाली फुलीसारख्या अडकविलेल्या दोन साखळ्या, ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक, दिवे, चाकांची हवा, होडीला मागून आवळणारे पट्टे, निघण्यापूर्वी तो हे सारे हाताने चाचपून पाहतो. डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही.

ट्रेलर मागे घेणे हे तर मी पाहिलेले सर्वांत अवघड काम. तळ्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर चारपाच होड्यांची रांग, सगळे बघत उभे, आणि ट्रेलर नेमका उलट्या दिशेला वळतो. दादाने त्याची किल्ली सांगितली: स्टिअरिंगचे चाक तळाशी धरायचे, ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे तो हात न्यायचा, आणि घाई करायची नाही. दादाच्या सतरा वर्षांच्या मुलाला ही विद्या येऊ लागली आहे. २०२५ च्या जुलैपासून तिथे तरुणांना होडी चालविण्यासाठी परीक्षा देऊन परवाना घेण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मी होतो तेव्हा तो त्याचा अभ्यास करीत होता. कॉलेजच्या परीक्षेला मुले इतक्या मनाने बसत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

पाण्यावरही दादाचे नियम कडक. चालविणाऱ्याखेरीज एकाने फक्त मागे पाहायचे. एंजिन सुरू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचे नाही, कारण संथ चालणाऱ्या होडीच्या मागे धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. ज्या होडीचा पंखा मागे उघडा असतो तिच्यामागे हा खेळ खेळायचाच नाही. दादाच्या होडीचा पंखा तळाखाली, बराच आत आहे. टाक्या भरलेल्या असताना पुढच्या बाकावर मुलांची गर्दी करायची नाही, कारण एकदम वेग कमी केला की आपलीच लाट मागून येऊन होडीला गाठते, आणि जड नाक पाण्यात गेले तर क्षणात होडी भरते. एरवी चेष्टामस्करी करणारा दादा तिथे मुख्याध्यापक होतो.

इतके झाले तरी लाट तेवढ्यावर थांबत नाही. ती काठापर्यंत जाते. पलीकडच्या काठाला एक वृद्ध गृहस्थ राहतात. तळ्याचा एक चिंचोळा कोपरा तिथे आत शिरला आहे आणि तिथे लून नावाचे पक्षी घरटे करतात. हा त्या राज्याचा मानाचा पक्षी. त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही; म्हणून तो अगदी पाण्याच्या कडेला अंडी घालतो. दोन वर्षांपूर्वी ते गृहस्थ दादाकडे आले. भांडायला आले नव्हते. त्यांनी फक्त विचारले, “तुमची लाट माझ्या धक्क्याला लागते ते ठीक आहे, धक्का मी पुन्हा बांधीन. पण त्या घरट्यालाही लागते. त्याचे काय करू या?” तो कोपरा रुंदीला तीनशे मीटरही नाही. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ साली प्रत्यक्ष मोजमाप करून सांगितले की, अशा होडीची लाट साध्या होडीच्या लाटेइतकी सौम्य होण्यासाठी काठापासून पाचशे फुटांहून अधिक अंतर लागते. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. म्हणजे त्या कोपऱ्याच्या अगदी मध्यावर राहिले तरी दोन्ही काठ सुरक्षित नाहीत. एंजिनियर माणसाला आकडा दिला की तो लवकर ऐकतो. दादाने त्या दिवसापासून तो कोपरा सोडला. व्हरमाँट राज्याने तर २०२४ पासून नियमच केला: काठापासून पाचशे फूट, निदान वीस फूट खोल आणि सलग पन्नास एकर पाणी असेल तिथेच हा खेळ.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नीरमाचे पाणी ही साधी वस्तू नाही. काळ्या समुद्राच्या व कॅस्पियनच्या बाजूचा एक नखाएवढा पट्टेदार शिंपला आहे, झेब्रा मसल त्याचे नाव. युरोपातल्या बंदरात मोठी जहाजे नीरम म्हणून पाणी भरून घेत आणि अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत येऊन ते सोडीत. त्या पाण्याबरोबर हा पाहुणा आला. १९८८ साली तो तिथे प्रथम सापडला, १९८९ मध्ये मिनेसोटाच्या डुलूथ बंदरात, आणि २०१० मध्ये मिनियापोलिसजवळच्या मिनेटोंका तळ्यात. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. पिल्ले इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे ती धक्के, नळ, दगड, होड्या यांवर थरावर थर चिकटतात. पोहणाऱ्यांचे पाय कापतात. पाणी गाळून त्यातले माशांच्या पिल्लांचे अन्न खातात. एकदा तळ्यात शिरला की तो तिथला कायमचा रहिवासी. जहाजांच्या नीरमावर पुढे जागतिक करार झाला, २००४ साली. तो अंमलात यायला २०१७ उजाडले. तोवर पाहुण्यांनी घरे बांधली होती.

दादाच्या तळ्यात हा शिंपला आहे. आणि त्याच्या होडीच्या टाक्या पंपाने कितीही रिकाम्या केल्या तरी तळाशी, नळ्यांत, कोपऱ्यांत काही लिटर पाणी राहतेच.

जूनच्या पहिल्या शनिवारी तिथल्या मराठी मंडळींची सहल ठरली होती, तीन तासांवरच्या एका तळ्यावर. त्या तळ्यात हा शिंपला अजून पोचलेला नाही. वीस-पंचवीस मुले येणार होती आणि दादाने मार्चमध्येच कबूल केले होते: “होडी माझी.” मुलांनी तेव्हापासून दिवस मोजले होते. दादाच्या मुलाचा त्या दिवशी मोठा मान असणार होता. लाटेवर उभे राहायला सगळ्यांना तोच शिकविणार होता. बेत असा की, आदल्या आठवड्यात होडी बाहेर काढून गरम पाण्याने टाक्यांसकट धुऊन घ्यायची. तिथे त्याची सोय आहे. त्या पाण्याने पिल्ले मरतात. पण मुलाच्या मित्रांसाठी होडी गुरुवार संध्याकाळपर्यंत पाण्यातच राहिली, आणि धुण्याची वेळ मागितली तर ती पुढच्या मंगळवारची मिळाली.

गुरुवारी रात्री घरात जे संभाषण झाले ते मी जेवणाच्या टेबलापाशी बसून ऐकले. मुलगा म्हणाला, “बाबा, आपण टाक्या रिकाम्या करू, बूच काढू, गवत काढू. कायद्यात तेवढेच आहे.” आणि ते खरेही होते. घाटावरून निघताना बूच काढणे, पाणी सोडणे आणि वनस्पती काढणे एवढेच कायदा प्रत्येकाकडून मागतो. दादा म्हणाला, “कायदा दिसणाऱ्या पाण्याचा आहे. न दिसणाऱ्या पाण्याचे मला ठाऊक आहे ना!” मग सहलीच्या चालकांचा फोन आला. गृहस्थ मोठे गोड बोलणारे. “अहो, बादलीभर पाण्याचा काय बाऊ करता? बदके या तळ्यातून त्या तळ्यात जातातच की! आणि उद्या दुसरा कोणी नेणारच. मुले हिरमुसतील हो. तुम्ही शब्द दिला होता.”

शेवटचे वाक्य दादाला लागले. आपल्या माणसांत ते लागतेच. परक्या मुलखात तीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या पाचपन्नास घरांतली पत हीच इस्टेट असते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “शब्द मी दिला होता हे खरे. पण ते तळे माझे नाही, आणि तुमचेही नाही. होडी येणार नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे यावे. जेवण माझे, पेट्रोल माझे.” फोन ठेवला तेव्हा मुलगा उठून गेला होता. वरच्या मजल्यावर दार जोरात लागले.

सहल होडीवाचून झाली. आम्ही गेलो. दोनतीन ओळखीच्या बायका वहिनींशी जरा तुटकच बोलल्या, आणि एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुमचे बंधू पहिल्यापासूनच असे तत्त्वनिष्ठ आहेत का हो?” ‘तत्त्वनिष्ठ’ हा शब्द मराठीत शिवीसारखाही उच्चारता येतो, हे मला त्या दिवशी कळले. मुलगा दिवसभर बापाशी बोलला नाही. मी त्याच्या शेजारी बसून पाण्यात पाय सोडले. तळ्याचा तळ दिसत होता, गोल गुळगुळीत दगडांचा. बारकी मुले अनवाणी त्यावरून धावत पाण्यात जात होती. “तुमच्या तळ्यात असे अनवाणी जाता येते?” मी विचारले. “नाही काका. कापतं. आम्ही पाण्यातले बूट घालतो,” तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही, आणि मीही बोललो नाही. वर्गात असतो तर त्यावर दहा मिनिटे व्याख्यान दिले असते.

पुढच्या रविवारी बोलाविलेल्यांपैकी निम्मी कुटुंबे आली. बारा मुले लाटेवर चढली. त्यातली सात उभी राहिली, पाच पडली, आणि पडलेलीच अधिक हसत होती. टाक्या भरायचे काम दादाने मुलाकडे दिले होते. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तो फोनवर काहीतरी लिहीत बसलेला दिसला. मी विचारले तर म्हणाला, “पुढच्या वर्षीची सहल कधी आहे ते बाबांना विचारलंय. तारीख कळली की होडी धुवायची वेळ मीच मागणार. एक महिना आधी.” राग पुरता गेला होता असे म्हणवत नाही, पण तो उपयोगी कामाला लागला होता.

‘बादलीभर पाण्याने काय होते?’ हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी माणसाने विचारला म्हणून मला त्याचे विशेष वाटले नाही. तो आपण इथेही रोज विचारतो. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून हौशी लोकांनी ती शोभेसाठी देशोदेशी नेली. आज आपल्या नद्या आणि तळी तिने हिरव्या गालिच्यासारखी झाकलेली आपण पाहतो. रंकाळ्यावरही ती पसरलेली मी पाहिली आहे. माणसे आणि यंत्रे लावून ती काढावी लागते. पहिले रोप कोणीतरी हौसेनेच पाण्यात सोडले असणार, आणि तेव्हा त्यालाही ते ओंजळभरच दिसले असणार. हौसेला माझा विरोध नाही. हौस नसती तर तो पोरगा १९२२ साली पाण्यावर उभा राहिला नसता आणि दादाच्या मुलीने हात मोकळे सोडून मला टाटा केला नसता. होडीने लाट उठवावी, त्यासाठी पोटात तळे घ्यावे. फक्त ज्या तळ्याचे घेतले त्यालाच ते परत द्यावे, आणि शेवटचा पेलाभर द्यायला जो वेळ लागतो तो आधी राखून ठेवावा. होडीच्या किमतीत तो वेळही धरलेला असावा.

दिवाळीत दादाचा फोन आला. आमच्याकडे फराळाची ताटे मांडली जात होती. तो अंगणात होडीच्या पोटात डोके घालून बसला होता. थंडी पडायच्या आत टाक्यांतले, पंपांतले पाणी काढायचे काम चालले होते. पाठीमागून मुलाचा आवाज ऐकू आला, “बाबा, नीरम डावे झाले. उजव्यात अजून थोडे आहे.”

“मास्तर, ऐकलेस ना?” दादा म्हणाला. “दोन मिनिटांनी फोन करतो. उजव्यात अजून थोडे आहे.”